साठ लाख हा आकडा शिकवायचा कसा?

‘आमचे हेडसर म्हणजे हिटलर आहेत नुसते!’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत ऐकायला मिळेल, आणि बोलणाऱ्याच्या सुरात तक्रारीइतकंच कौतुकही असेल. कडक शिस्तीचा, वेळेचा पक्का, एक घाव दोन तुकडे करणारा माणूस, अशी त्या नावाची आपल्याकडे ओळख आहे. फुटपाथवरच्या पुस्तकविक्रेत्याकडे ‘माइन काम्फ’चे अनुवाद यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या ओळीत मांडलेले असतात. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ वाचत मोठ्या झालेल्या पिढीला त्या राजवटीने काय केलं हे निदान ठाऊक तरी होतं. नंतरच्यांना हिटलर भेटला तो व्हॉट्सॲपवरच्या सुविचारांतून, आणि ते सुविचारही बहुतेक त्याचे नसतातच.

अशा वर्गापुढे युरोपातल्या ज्यूंच्या संहाराचा, म्हणजे होलोकॉस्टचा पाठ घ्यायला उभं राहणाऱ्या शिक्षकांसाठी ही पुस्तिका आहे. जगभरातल्या प्रशिक्षण देणाऱ्या संस्था, शिक्षकांची शिबिरं, विद्यार्थ्यांना इथे बसून करता येतील अशी कामं, फुकट मिळणारी साधनं यांची माहिती पुढच्या पानांत आहे. ती वाचण्याआधी, हा विषय शिकवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दल थोडं बोलायला हवं. संधी पुष्कळ आहेत, पण हा विषय भलत्याच पद्धतीने शिकवून मोकळं होण्याच्या वाटाही तितक्याच आहेत.

पहिली वाट मारल्या गेलेल्या ज्यूंच्या आकड्याची. साठ लाख. फळ्यावर लिहिला की मुलं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत रिकाम्या जागेत भरतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात व्हिटवेल नावाचं लहानसं गाव आहे. १९९८ साली तिथल्या शाळेतल्या मुलांना साठ लाख म्हणजे किती, हेच डोळ्यांपुढे येईना. नॉर्वेतले लोक नाझींच्या निषेधार्थ कपड्याला पेपरक्लिप लावत, असं त्यांच्या वाचनात आलं होतं, म्हणून त्यांनी साठ लाख पेपरक्लिप जमवायला घेतल्या. जगभरातून कोट्यवधी क्लिपा आल्या. युद्धकाळातला एक जर्मन मालडबा शाळेच्या आवारात आणून त्यात त्या ठेवल्या गेल्या, आणि २००४ मध्ये या उपक्रमावर माहितीपटही निघाला. मुलांची कळकळ खरी होती, तिला नावं ठेवायची नाहीत. पण मला हा मार्ग पटत नाही. क्लिपा एकीसारखी एक असतात. मारल्या गेलेल्यांत कुणी एक दुसऱ्यासारखा नव्हता.

जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने उलट बाजूने सुरुवात केली. १९५३ साली इस्राएलच्या संसदेने कायदा करून ती स्थापन केली. पन्नासच्या दशकापासून तिथे एका साध्या छापील अर्जावर माहिती गोळा होते आहे: मृताचं नाव, आईवडिलांची नावं, गाव, व्यवसाय, शेवटचा ठावठिकाणा. अर्ज भरणारा नातेवाईक असतो, शेजारी असतो, कधी एके काळचा वर्गमित्र. अशा लक्षावधी अर्जांचे खोके तिथल्या गोल दालनात छतापर्यंत रचलेले आहेत. वर्गात त्यातला एक अर्ज दाखवावा. वॉर्साचा शिंपी, सलोनिकाचा हमाल, व्हिएन्नातली पियानो शिकवणारी बाई. तासभर एकाच माणसाबद्दल बोलावं. साठ लाखांकडे मग जाता येतं.

याद वाशेमने १९९३ मध्ये शिक्षणासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि वयाप्रमाणे शिकवण्याची एक रीत बसवली. लहान मुलांना एका माणसाची गोष्ट सांगायची, आणि तीही शक्यतो वाचलेल्या माणसाची. थोड्या मोठ्यांना एका कुटुंबाची, त्याहून मोठ्यांना एका गावाची, वस्तीची. मृत्युछावण्यांचा तपशील जाणत्या वयाच्या मुलांनाच. वर्गाला त्या अंधारात सुखरूप न्यायचं आणि सुखरूप बाहेर आणायचं, हे तिथल्या प्रशिक्षणातलं पायाभूत सूत्र. आउश्वित्झ या मृत्युछावणीच्या जागेवरचं संग्रहालयसुद्धा चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका, असं सुचवतं. आपल्याकडे मात्र सातवी-आठवीच्या मुलांपुढे प्रोजेक्टरवर थेट प्रेतांचे ढीग येतात. वर्ग चिडीचूप होतो, सरांना वाटतं पाठ पोचला. मुलं घाबरलेली असतात, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ज्यांची ती छायाचित्रं, त्यांची जगासमोर ठेवावी अशी एकमेव ओळख ती असते का?

मारले जाण्याआधी ही माणसं जगत होती, हे आधी यायला हवं. १९३३ साली जर्मनीच्या लोकसंख्येत ज्यू एक टक्क्याहूनही कमी होते. पोलंडमध्ये तीस लाखांवर होते, म्हणजे दर दहा माणसांत एक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये या विषयाच्या अध्यापनासाठी खास केंद्र आहे. त्यांनी २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या काही हजार विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात हा विषय १९९१ पासून आहे, तरीही अनेक मुलांची कल्पना अशी होती की जर्मनीत ज्यूंची संख्या खूप मोठी होती आणि हे सगळं एकट्या हिटलरने केलं. सगळा संहार आउश्वित्झच्या विषारी वायूच्या कोठड्यांतच झाला, हाही असाच एक सार्वत्रिक समज. प्रत्यक्षात पंधरा लाखांहून अधिक ज्यू गावाबाहेरच्या खड्ड्यांच्या काठावर गोळ्या घालून मारले गेले. कीव्हजवळच्या बाबी यार घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ जण मारले गेले. हा आकडा मारणाऱ्यांच्याच अहवालातला आहे.

‘एकट्या हिटलरने केलं’ हा समज मोडायला भाषण उपयोगी पडत नाही, कागद पडतो. माझ्या मते या विषयाच्या अध्यापनातलं सगळ्यात धारदार साधन म्हणजे सरकारी कागद. राउल हिल्बर्ग या इतिहासकाराने आयुष्यभर तेच वाचले. क्लोद लान्झमानच्या ‘शोआ’ या १९८५ सालच्या साडेनऊ तासांच्या चित्रपटात हिल्बर्ग एक कागद समोर धरून बसलेला दिसतो: जर्मन रेल्वेचा वेळापत्रक आदेश क्रमांक ५८७. वरवर पाहिलं तर त्यात काहीच नाही. गाडी कुठून सुटणार, कोणत्या स्थानकात किती वाजता पोचणार, ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला किती वाजता. जाताना डबे भरलेले, परतताना रिकामे. कागदावर ‘गुप्त’ असा शिक्कासुद्धा नाही. केवळ कार्यालयीन उपयोगासाठी, एवढीच सूचना. या गाड्यांचं भाडंही रीतसर आकारलं जाई. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेहून जास्त माणसं असतील तर गटाची सवलत. नेल्या जाणाऱ्यांचं तिकीट एकेरी, पहाऱ्यावरच्या शिपायांचं मात्र जाऊन-येऊन.

आपल्याकडची मुलं रेल्वेचं वेळापत्रक ओळखतात, अर्ध्या तिकिटाचा हिशेबही त्यांना पाठ असतो. त्यांच्यापुढे ही माहिती ठेवून एकच प्रश्न विचारावा: हा कागद किती जणांच्या हातून गेला असेल? टंकलेखक, स्टेशन मास्तर, तिकिटांचा हिशेब ठेवणारा कारकून, सांधेवाला, इंजिन ड्रायव्हर. फळा भरतो. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात कुणावर बंदूक रोखली नव्हती.

दुसरा कागद बर्लिनच्या वान्झे तलावाकाठच्या बंगल्यातला. २० जानेवारी १९४२ रोजी ज्यूंच्या संहाराच्या कामात सरकारी खात्यांचा मेळ घालायला तिथे पंधरा अधिकारी जमले. बैठक सुमारे दीड तास चालली. आलेल्यांपैकी आठ जणांकडे डॉक्टरेट होती. इतिवृत्ताच्या तीस प्रतींपैकी एकच सापडली आहे. तिच्यात युरोपातल्या देशांची यादी आणि प्रत्येकापुढे तिथल्या ज्यूंची संख्या आहे. बेरीज एक कोटी दहा लाखांच्या वर. त्या यादीत इंग्लंड आहे, तटस्थ स्वित्झर्लंड आहे, आयर्लंडचे चार हजार आहेत. अल्बानियापुढे आकडा आहे दोनशे. दोनशे माणसंसुद्धा सुटू नयेत, अशी ती काटेकोर यादी. १९९२ पासून हा बंगला स्मारक आणि शिक्षणकेंद्र आहे. तिथे परिचारिका, पोलीस, सरकारी कर्मचारी अशा व्यवसायांप्रमाणे वेगवेगळी सत्रं घेतात. त्या काळात आपल्या पेशाच्या लोकांनी काय केलं, हे प्रत्येकाने आपल्याच पेशाच्या कागदपत्रांतून वाचायचं. ही कल्पना आपल्या अध्यापक विद्यालयांनी उचलावी इतकी चांगली आहे.

कारण शिक्षकांनी काय केलं, हाही प्रश्न आहेच. १९३७ पर्यंत जर्मनीतले सुमारे ९७ टक्के शिक्षक नाझी शिक्षक संघटनेचे सभासद झाले होते. अंकगणिताच्या पुस्तकात उदाहरणं होती: एका मनोरुग्णाला सांभाळायला रोज इतका खर्च येतो, तर तेवढ्या पैशात कामगारांसाठी किती घरं बांधता येतील? मुलांनी ती सोडवली, मास्तरांनी तपासून बरोबरची खूण केली. काही वर्षांनी त्याच मनोरुग्णांना मारण्याची मोहीम सुरू झाली. १५ नोव्हेंबर १९३८ ला उरल्यासुरल्या ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढून टाकलं, तेव्हा हजेरीपटावर रेघ मारणारे हातही शिक्षकांचेच.

शिक्षकांतच यानुश कोर्चाकही होता. वॉर्साच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, तो अनाथ मुलांचा आश्रम चालवत होता. १८ जुलै १९४२ रोजी त्याच्या मुलांनी तिथे रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ सादर केलं. चारच दिवसांनी घेटोतून ट्रेब्लिंकाला गाड्या सुटू लागल्या, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांबरोबर कोर्चाकही गेला. ‘डाकघर’ आपल्याकडे शाळांच्या स्नेहसंमेलनात होतं. कुठल्या शाळेने पुढच्या वेळी ते बसवताना हा प्रयोगही मुलांना सांगितला, तर स्वतंत्र पाठाची गरज पडणार नाही.

आता काही गोष्टी स्पष्टच सांगायला हव्यात. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या सदऱ्यावर पिवळा तारा टाचायचा, उरलेल्यांना शिपाई करायचं, असले खेळ करू नका. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाने शिक्षकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, त्यांत हे ठळकपणे बजावलं आहे. मुलं एकतर खेळात रमतात किंवा घाबरतात, आणि दोन्ही वेळा आपल्याला सगळं समजलं असं त्यांना वाटतं. जॉन बॉइनची ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पायजमाज’ ही कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपटही इतिहास म्हणून दाखवू नका. या विषयाचा अभ्यास किंवा अध्यापन करणाऱ्यांनी ते पुस्तक टाळावं, असं आउश्वित्झच्या संग्रहालयानेच २०२० मध्ये म्हटलं. कादंबरीतल्या ज्यू मुलाच्या वयाच्या बहुतेक मुलांना आउश्वित्झला पोचल्या दिवशीच मारलं जात असे. कादंबरीतल्यासारखं कुंपणापाशी बसून गप्पा मारायला ती उरत नव्हती. तिसरी गोष्ट नवी आहे. संगणकाने बनवलेली खोटी छायाचित्रं आणि मृतांच्या रचलेल्या कहाण्या समाजमाध्यमांवर फिरताहेत, आणि त्यांबद्दल २०२५ मध्ये याच संग्रहालयाला इशारा द्यावा लागला. इंटरनेटवर शोधून सापडेल ते चित्र फळ्यावर लावायचे दिवस संपले. संग्रहालयांच्या स्वतःच्या संग्रहातूनच घ्या.

आपली पाठ्यपुस्तकं अगदीच रिकामी आहेत असं नाही. केंद्रीय अभ्यासक्रमात २००६ पासून वापरल्या गेलेल्या नववीच्या पुस्तकातला नाझीवादाचा धडा हेल्मुट नावाच्या अकरा वर्षांच्या जर्मन मुलापासून सुरू होतो. आपण अपंगांचं आणि ज्यूंचं जे केलं तेच आता जेते आपलं करतील, असं त्याचे डॉक्टर वडील रात्री बोलतात आणि ते तो ऐकतो. दुसऱ्या दिवशी वडील त्याला रानात फिरायला नेतात, त्याच्याबरोबर बालगीतं गातात, आणि नंतर स्वतःवर गोळी झाडून घेतात. आई आपल्यालाही विष घालील या भीतीने तो मुलगा पुढे नऊ वर्षं घरी जेवत नाही. इतकी बोलकी सुरुवात असलेला धडा बऱ्याच वर्गांत ‘महत्त्वाचे प्रश्न’ अधोरेखित करून दोन तासांत संपतो. दोष पुस्तकाला देता येणार नाही. शिक्षकाला हा विषय कुणी शिकवलेलाच नसतो.

तो शिकायची सोय आहे. याद वाशेम परदेशी शिक्षकांसाठी जेरुसलेममध्ये शिबिरं घेतं आणि ऑनलाइन अभ्यासक्रमही चालवतं. वॉशिंग्टनच्या संग्रहालयाचे पाठ, नकाशे आणि छायाचित्रं कुणालाही विनामूल्य घेता येतात. स्टीव्हन स्पिलबर्गने १९९४ मध्ये सुरू केलेल्या शोआ फाउंडेशनने पंचावन्न हजारांहून अधिक साक्षी चित्रित केल्या आहेत. त्यांतल्या निवडक साक्षी वर्गात वापरण्यासाठी ‘आयविटनेस’ नावाचं संकेतस्थळ आहे. याद वाशेम, शोआ फाउंडेशन आणि अँटी डिफेमेशन लीग यांनी मिळून २००५ मध्ये ‘एकोज अँड रिफ्लेक्शन्स’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम उभारला. परदेशवारीची शिबिरं जागा आणि खर्च पाहता थोड्यांनाच जमतील. त्यांच्या आशेवर थांबू नये.

विद्यार्थ्यांसाठी मला सर्वांत आवडलेलं काम जर्मनीतल्या आरोल्सन अभिलेखागाराचं. या अभिलेखागारात सुमारे पावणेदोन कोटी लोकांच्या नोंदी आहेत. २०२० पासून त्यांनी छावण्यांमधल्या कैद्यांची कार्डं संगणकावर खुली केली आहेत. जगात कुठेही बसून कुणीही एक कार्ड उघडावं, त्यावरचं नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक वाचून नोंदवावा. कार्ड जर्मनमध्ये असतं, पण रकाने मोजके, आणि मदतीला सूचना असतात. शाळेच्या संगणककक्षात एका तासात एकेक मूल चार-पाच माणसांची नावं नोंदवू शकेल. हस्ताक्षर लागत नाही म्हणून भिंग लावल्यासारखं पडद्यावर अक्षर मोठं करायचं, शेजारच्याला विचारायचं, शेवटी नाव लागलं की लिहायचं. त्या नावाशी त्या मुलाचा जो संबंध जुळतो, तो कुठल्याही व्याख्यानाने जुळणार नाही.

हे सगळं युरोप-अमेरिकेचं झालं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेकडे पाहावं. तो देशही त्या संहारापासून दूर. तिथे १९९९ मध्ये केपटाउनला होलोकॉस्ट केंद्र उघडलं, आणि २००७ पासून नववीच्या अभ्यासक्रमात हा विषय आला. ज्यूंचे नागरी हक्क काढून घेणारे न्यूरेंबर्गचे वंशकायदे शिकताना तिथल्या मुलांना वर्णभेदाच्या काळात आपल्या आजोबांना सक्तीने खिशात बाळगावा लागणारा पास आठवला. शिक्षकांचं प्रशिक्षणही याच धाग्याने झालं, कारण कालपर्यंत वर्णभेदाच्या शाळांत शिकलेले गोरे-काळे शिक्षक एकत्र बसून आधी दुसऱ्याचा इतिहास बोलू शकले, मग स्वतःचा. आपल्या वर्गात जात, फाळणी, दंगली यांचे प्रश्न निघणारच. आज पश्चिम आशियात काय चाललंय हेही मुलं विचारतील. विचारू द्यावं, आणि त्याला वेगळा, पुरेसा वेळ द्यावा. एकाचं दुःख दुसऱ्याच्या तराजूत टाकायचं मात्र नाही.

महाराष्ट्राचे धागे आहेत, पण ते ताणू नयेत. कोल्हापूरजवळच्या वळीवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, हे कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात आणि सांगावंच. मात्र ते बहुतेक कॅथलिक होते आणि सोव्हिएत राजवटीने सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेले होते. तो होलोकॉस्टचा इतिहास नव्हे. खरा धागा मुंबईत सापडतो. १९३४ मध्ये तिथे ज्यू निर्वासितांच्या मदतीसाठी ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षी आलेल्या वॉल्टर काउफमान या ज्यू संगीतकाराने आकाशवाणीची सुरुवातीची धून बांधली, जी आपल्या कित्येक पिढ्यांनी सकाळी ऐकली. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिशांनी जर्मन पासपोर्टवाले म्हणून ज्यू निर्वासितांनाही शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवलं, आणि त्यांतल्या काहींचे दिवस पुरंदरच्या छावणीत गेले. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल घरांतली मुलं आज तिथल्या शाळांत हाच विषय शिकतात. आणि ज्यांच्या वंशसंहाराबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, त्या रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून निघालेले. त्यांच्यापैकी किमान अडीच लाख मारले गेले. २ ऑगस्ट हा त्यांचा स्मृतिदिन आपल्या शाळांच्या दिनविशेषात कुठेच नसतो. २७ जानेवारी, आउश्वित्झच्या मुक्तीचा दिवस, क्वचित असतो.

शेवटी शिक्षकमित्रांना एक विनंती. ही पुस्तिका हातात आल्यावर लगेच प्रदर्शन, भित्तिपत्रक स्पर्धा, मेणबत्त्या यांच्या मागे लागू नका. पहिल्या वर्षी एकच तास घ्या, तोही आठवीच्या वर सरकल्याशिवाय नको. अॅन फ्रँकची रोजनिशी मराठीत मिळते. ती आधी स्वतः पूर्ण वाचा. संहारातून वाचलेल्यांच्या दोन साक्षी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. त्यांतल्या एका माणसाचं बालपण, घर, गाव वर्गात सांगा आणि मुलांनी विचारलेले प्रश्न वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षीचा पाठ त्या प्रश्नांवरून बांधा, आणि जमलं तर ती वही तालुक्यातल्या आणखी एका इतिहासशिक्षकाला वाचायला द्या.